मुकं बी

त्या घरात सूर्यफुलाचं बी 'वाळलं' असं कोणी म्हणत नसे. कपडे वाळायचे, सरपण वाळायचं. बी मात्र 'वाजायचं'. खळ्यावर पसरलेलं बी वाजलं की पोती भरायची, तोवर कोणी पोत्याला हात लावायचा नाही. आणि वाजलं की नाही, हे सांगायचा मान एकट्या थोरलीचा होता. तिच्याआधी तो तिच्या सासूचा होता, आणि सासूने तो शेवटपर्यंत सोडला नव्हता. अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा म्हातारीच्या कानाशी मूठभर बी नेऊन हलवावं लागायचं, मगच सुतळी कापली जायची.

करायचं असतं ते असं. दोन्ही तळहातांची डबी करायची, तीत थोडं बी घ्यायचं आणि कानाशी नेऊन हलवायचं. बियात ओल असेल तर आतला गर टरफलाला चिकटून बसलेला असतो. असं बी बद्द वाजतं, ओल्या जमिनीवर काठी आपटावी तसं. ओल गेली की गर आक्रसतो, टरफलापासून सुटतो, आणि मग ते बी डबीत बारीक खड्यांसारखं खणखणतं. बद्द बी पोत्यात भरलं तर आतल्या आत तापतं, वाफ धरतं, आणि त्याचं तेल खवट निघतं. तेल गिरणीवाला पोत्यात नाक घालून बघतो आणि नाक वाकडं करून निघून जातो. वर्षाची मेहनत मग जनावरांपुढे टाकायची. उलट फार वेळ उन्हात ठेवलं तर टरफलं तडकतात आणि गर उघडा पडतो. म्हणून सगळा खेळ त्या एका शब्दाचा. थोरली म्हणाली 'वाजलं', की वाजलं.

घर दोन जावांचं. दारं दोन, पण खळं एक, कोठार एक आणि शेत सामाईक. थोरलीचा नवरा वारला होता, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. एकटं राहून थोरली काही मऊ पडली नव्हती. धाकटी तिच्यापेक्षा बरीच लहान, गोल अंगाची, हसरी, पण मनात एखादी गोष्ट बसली की चार दिवस गाल फुगवून बसणारी. धाकटीच्या नवऱ्याला गल्लीत सगळे 'तुफान' म्हणत. साधं बोलणंसुद्धा त्याचं गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचं. त्याला कुठलंही काम कालच व्हायला हवं असायचं. फुलं अजून पिवळी असतानाच तो कोयत्याला धार लावून बसायचा.

यंदा बियाणं त्यानेच आणलं होतं, दुकानातून, नवीन वाणाचं. थोरलीला ते पहिल्यापासून पसंत नव्हतं. "पिशवीवर फुलाचं चित्र एवढं मोठं छापलंय, म्हणजे आत नक्की काहीतरी खोट असणार," असं ती म्हणाली होती. पण पीक बरं आलं. फुलं भरली, माना टाकून उभी राहिली, त्यांच्या पाठी लिंबासारख्या पिवळ्या झाल्या. वरच्या शेतातली फुलं आधी तयार झाली. ती कापून खळ्यावर आणली, तोंडं उन्हाकडे करून मांडली, रोज उलटली. पाठीचा गुबगुबीत भाग सुकून कातड्यासारखा झाल्यावर काठ्यांनी बडवली. वारा धरून बी उफणलं, पोचट उडून गेलं, भरीव खाली राहिलं. मग ते ताडपत्रीवर पातळ पसरून लाकडी दाताळ्याने सरी ओढायला सुरुवात झाली. हे काम दोघी जावांचं. एक या टोकाकडून, दुसरी त्या टोकाकडून.

इथवर सगळं नेहमीसारखं होतं. ऊन कडक होतं, बी दिवसेंदिवस हलकं होत होतं. रोज दुपारी थोरली डबी करून कानाशी न्यायची, डोळे मिटून हलवायची आणि बी परत टाकून द्यायची.

"नाही," ती म्हणायची.

"अजून नाही?" तुफान विचारायचा.

"नाही म्हटलं ना."

पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. तुफान खळ्याभोवती घिरट्या घालायला लागला. धाकटी काही बोलत नव्हती, पण दाताळं ओढता ओढता एखादं बी दातांखाली धरून फोडायची आणि भुवया उंचावायची. थोरलीला ते खपत नसे. "खाऊन तर पाखरंसुद्धा बघतात," ती म्हणायची. "त्यात काय अक्कल लागते?"

पाखरांचंही यंदा वेगळंच चाललं होतं. "चिमण्या फार शहाण्या झाल्यात," थोरली एकदा म्हणाली. "पूर्वी कलकलाट करत यायच्या. आता बघावं तर ताडपत्रीवर हजर. चोरासारख्या येतात, चोरासारख्या जातात."

धाकटीने तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. चिमण्यांनी त्या क्षणीही खळं डोक्यावर घेतलं होतं. पण जाऊबाईंची थट्टा करायची ही पद्धत असेल असं समजून ती हसली, आणि थोरलीही हसली.

शेवटी एका दुपारी तुफानाने ताडपत्रीवरून मूठभर बी उचललं आणि थोरलीच्या पुढ्यात धरलं. त्यातली निम्मी टरफलं तडकलेली होती.

"वहिनी, आता काय लाह्या करायच्यात का याच्या?"

थोरलीने बी हातात घेऊन पाहिलं. तो खरं बोलत होता. बी कडकडीत झालं होतं, नखाने दाबताच फुटत होतं. तिने पुन्हा डबी केली, कानाशी नेली, हलवलं. बियांचा धक्का तळहातांना लागत होता, पण आवाज नव्हता. बद्दही नाही आणि खणखणही नाही. तिने थोडा विचार केला आणि निकाल दिला.

"हे बी मुकं आहे."

"काय आहे?"

"मुकं. नवीन वाण ना? दिसायला गोरंगोमटं, आणि तोंडातून शब्द नाही. वाजतच नाही ते. तुमच्या चित्राच्या पिशवीचा प्रताप."

"मुकं बी!" तुफान कपाळावर हात मारून म्हणाला. "मग वाजायच्या ऐवजी पाटीवर लिहून दाखवणार का ते?"

पण वरच्या शेताचं बी त्या दिवशी पोत्यात गेलं. गिरणीवाल्याने आधीच निरोप दिला होता की सगळं बी एकदमच उचलीन, दोन फेऱ्या मारणार नाही. म्हणून पोती कोठाराच्या उजव्या अंगाला रचून ठेवली. तडकलेल्या टरफलांवरून तो थोडी कुरकुर करेल, पण घेईल, असं सगळ्यांचं मत पडलं.

मग खालच्या शेताची फुलं आली. ती चराजवळची, पाणी भरपूर प्यालेली. ताटाएवढी एकेक, आणि पाठी जाडजूड. वर आभाळ सारखं भरून येत होतं. पडत काही नव्हतं, पण ऊन धड पोचत नव्हतं. तुफान दिवसातून दहादा वर बघायचा आणि दहादा थोरलीकडे बघायचा. तो बोलला नाही तरी त्याची मान बोलत होती. मागच्या खेपेचं थोरलीच्या मनाला लागलं होतं. आपल्या शब्दावर टरफलं तडकली, हे गल्लीत फिरलं असणार. समोरची शिंपीण सकाळी तिच्याकडे बघून काहीतरी पुटपुटत हसली होती. हल्ली सगळेच पुटपुटायला लागले होते. कोणी म्हणून तोंड उघडून बोलत नव्हतं.

या वेळी तिने ठरवलं की मुक्या बियाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. मागच्या खेपेला जितक्या दिवसांनी भरायला हवं होतं असं आता वाटत होतं, तितक्या दिवसांनी भरून टाकायचं. तरी रीत म्हणून तिने डबी केली, कानाशी नेली. अपेक्षेप्रमाणे काहीच नाही. धाकटी शेजारीच उभी होती. तिनेही खाली वाकून मूठभर बी घेतलं, आपल्या कानाशी हलवलं, आणि काहीतरी म्हणाली.

थोरलीने मान डोलावली. "हो ना. मी तेच म्हणते."

धाकटीने डोळे मोठे केले. पुन्हा काहीतरी म्हणाली.

"अगं हो, म्हणूनच तर," थोरली म्हणाली, आणि खळ्याच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या दिराला हाक मारली. "भाऊजी! वाजलं!"

तुफानाला एवढंच हवं होतं. त्याने शब्द खाली पडू दिला नाही. पोती, दाभण, सुतळी, सगळं घेऊन हजर. धाकटी पोत्याचं तोंड धरून उभी राहिली ती गाल फुगवूनच. त्या दिवसापासून तिने थोरलीशी बोलणं कमी केलं. थोरलीला वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं असेल.

गिरणीवाला यायचा होता त्याच्या आदल्या सकाळी थोरली कोठारात झाडू घेऊन गेली. उंदरांनी कुठे पोतं कुरतडलंय का, ते बघायची तिची सवय होती. कोठार म्हणजे जाड भिंतींची एक लांबट खोली, वर दोन झरोके, खाली लाकडी फळ्या आणि फळ्यांवर पोत्यांच्या थप्प्या. उजवीकडची थप्पी तिने थोपटून पाहिली. गार होती. डावीकडच्या थप्पीला हात लावला आणि ती थबकली.

पोतं कोमट होतं.

झरोक्यातून ऊन येऊन पडलं असेल, म्हणून तिने वर पाहिलं. झरोका उलट बाजूला होता. मग तिने पोत्याची शिवण एका बोटाने उसवली आणि हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. आत बी ताप आलेल्या मुलाच्या अंगासारखं लागत होतं. हात बाहेर काढून नाकाशी नेला. खवट नव्हता अजून, पण कोंदट, दमट, बंद पेटीतल्या ओल्या कपड्यांसारखा वास होता. तिने दुसरं पोतं पाहिलं, तिसरं पाहिलं. भिंतीकडच्या खालच्या पोत्यांत तर बियांचे गोळे व्हायला लागले होते.

उद्या गिरणीवाला येणार. तो उजवीकडचं एखादं पोतं उघडेल, खूश होईल. मग डावीकडचं उघडेल. आणि एकदा त्याचं नाक वाकडं झालं की उजवीकडचंही तो घेणार नाही, म्हणेल सगळं एकाच घरचं.

हे झालं कसं? आपल्या हातून बद्द बी भरलं जाणं शक्य नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे कोणीतरी नंतर ओलं मिसळलं. आणि पोत्याचं तोंड कोणी धरलं होतं? गाल फुगवून?

ती तडक धाकटीच्या दारात गेली. धाकटी ओट्याशी कांदा चिरत होती.

"ताडपत्रीच्या कडेचं दव पडलेलं बी तू पोत्यात लोटलंस ना?"

धाकटीने सुरी खाली ठेवली. ती काहीतरी म्हणाली.

"पुटपुटू नकोस! तोंड उघडून बोल!"

"मी पुटपुटत नाहीये!" धाकटी ओरडली. आता शब्द पोचले. "मी कशाला ओलं लोटू? ओलं होतंच ते! मी तुमच्या तोंडावर सांगितलं, जाऊबाई, बद्द वाजतंय. तुम्ही म्हणालात, हो ना, मी तेच म्हणते. मी म्हटलं, अहो मग भरताय कशाला? तर म्हणालात, म्हणूनच तर. मला वेड्यात काढलंत, वर यांना हाक मारलीत. आता चोर मीच?"

"वाजतंय? काय वाजतंय? मुकं बी आहे ते."

"कोण म्हणतं मुकं? वरच्या शेताचं तर असं खणखणत होतं की दाताळं ओढताना कान किटले. मला वाटलं, तुम्ही यांच्यावरचा राग काढताय बियाणं नवीन आणलं म्हणून. मी कशाला मधे पडू?"

मग धाकटीला काय वाटलं कोण जाणे, ती हात पुसत कोठाराकडे चालू लागली. थोरली तिच्या मागून गेली. धाकटीने उजव्या थप्पीतलं मूठभर बी काढलं, डाव्या थप्पीतलं मूठभर काढलं. आधी एक थोरलीच्या कानाशी हलवलं, मग दुसरं.

"हे खणखण. हे बद्द. ऐकू येतंय?"

थोरली धाकटीच्या हातांकडे बघत राहिली. बोटं हलत होती, मुठीतलं बी वर-खाली होत होतं. एवढंच. तिला एकदम चिमण्या आठवल्या, समोरची शिंपीण आठवली, हल्ली चहाची किटली उकळून उतू जाते आणि झाकणाचा आवाज कसा होत नाही, ते आठवलं. बी मुकं नव्हतं.

धाकटीने हात खाली घेतले. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला होता आणि त्या जागी जे आलं होतं ते थोरलीला रागापेक्षा वाईट वाटलं.

"तशी बघू नकोस माझ्याकडे," थोरली म्हणाली. "मी मेलेली नाही."

त्या क्षणी तिला गप्प बसता आलं असतं. धाकटीने कुणाला सांगितलं नसतं, ती त्या जातीची नव्हती. दोष आभाळाच्या नाहीतर चित्राच्या पिशवीच्या माथी मारता आला असता, आणि पुढच्या सुगीला कानाशी डबी नेऊन धाकटीच्या भुवयांवरून अंदाज बांधता आला असता. हे सगळं थोरलीच्या मनात येऊन गेलं. पण एकदा चुकीचं 'वाजलं' तिने म्हटलं होतं, आणि ती पोती तिच्यासमोर तापत होती. ती दारात आली आणि तिने दिराला हाक मारली. तो आला.

"भाऊजी, खालच्या शेताचं सगळं बी बाहेर काढा. पोती फोडा, ताडपत्री पसरा. ओलं भरलं गेलंय."

"ओलं? तुम्हीच तर म्हणालात वाजलं!"

"म्हणाले. मला ऐकू येत नाही. आता उभे काय राहिलात?"

तुफानाने बायकोकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं.

त्या दिवशी ऊन चांगलं पडलं, हे नशीब. पोती ओतली तेव्हा मधल्या बियांतून वाफ निघताना डोळ्यांना दिसली. गोळे झालेलं बी थोरलीने स्वतः निवडून बाजूला काढलं. त्याचं आता काही होणार नव्हतं. बाकीचं एका बियाच्या जाडीएवढं पातळ पसरलं आणि दोघी दाताळी घेऊन फिरत राहिल्या, जेवायलाही आळीपाळीने गेल्या. गिरणीवाल्याला दोन दिवस थांबायचा निरोप गेला. 'थांबतो, पण त्यापुढे नाही,' असं त्याचं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आधी थोरली ताडपत्रीच्या मधोमध बसली. मूठभर बी घेऊन तिने डबी केली, आणि ती धाकटीच्या कानाशी नेऊन हलवली.

"सांग."

धाकटी डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला वाटतं..."

"काय?"

"मला वाटतं वाजतंय! पण नक्की नाही!"

"पण काय? वाजतंय की नाही वाजत? मधलं काही नसतं."

"मी कशी सांगू? उद्या पोती तापली तर सगळे माझ्या माथी मारतील!"

"मग इतकी वर्षं कोणाच्या माथी होतं?"

"तुमचं डोकं कठीण आहे!"

"काय आहे?"

"कठीण! डोकं! तुमचं!"

"ओरडतेस कशाला? सगळी गल्ली गोळा होईल."

"न ओरडून ऐकू येणार आहे का तुम्हाला?"

"उलट बोलू नकोस. हे घे, दातांनी फोडून बघ."

"आता दात चालतात का? इतके दिवस पाखरं होतो आम्ही!"

"फोड म्हणते ना!"

धाकटीने बी फोडलं. गर कोरडा होता, टरफलापासून सुटा निघाला, दातांखाली कट्कन तुटला. थोरलीने तिच्या हातातून फुटलेलं टरफल घेऊन नखाने वाकवून पाहिलं. वाकलं नाही, मोडलं. तिने पुन्हा डबी करून धाकटीच्या कानाशी नेली, या खेपेला दुसऱ्या कानाशी.

"आता?"

"वाजलं," धाकटी म्हणाली.

"काय?"

"वाजलं! वाजलं! वाजलं! झालं समाधान?"

कुंपणापलीकडून शिंपीण डोकावली. घरातून तुफान धावत आला. दोन्ही जावा ताडपत्रीवर समोरासमोर बसून एकमेकींच्या तोंडावर ओरडताना बघून त्याचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

"अरे अरे, भांडताय काय? वहिनी, जाऊ द्या. अगं तू तरी गप्प बस. बी गेलं तर गेलं, घर फोडू नका!"

"कोण भांडतंय?" धाकटी म्हणाली. "तुम्ही पोत्याचं तोंड धरा."

त्याने पोतं धरलं. दोघी सुपाने भरू लागल्या. बी पोत्यात पडताना सरसरत होतं, आणि थोरली प्रत्येक सुपागणिक त्यात हात घालून बघत होती. पोतं भरत आल्यावर तुफान स्वतःशीच काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतायत भाऊजी?" थोरलीने विचारलं.

तो खरं तर म्हणाला होता की दोन बायकांच्या तावडीत सापडण्यापेक्षा गिरणीत हमाली केलेली बरी. धाकटीने थोरलीच्या कानाशी तोंड नेलं.

"म्हणतायत, चहा मी करून आणतो!"

"आणा की," थोरली म्हणाली. "साखर बेताची."

तुफानाने बायकोकडे बघितलं. ती सूप भरत होती. त्याने पोतं भिंतीला टेकवून ठेवलं आणि तो चहा करायला आत गेला.